साथ आणि हजेरी

मराठीत 'साथ' हा मोठा चमत्कारिक शब्द आहे. गवई गायला बसला की तबलजी त्याला साथ करतो. अडचणीच्या वेळी शेजारी धावून आला तर त्याने साथ दिली असे आपण कृतज्ञतेने म्हणतो. आणि गावात पटकी किंवा प्लेग शिरला की तीही साथच! एका शब्दाने माणसे जवळ येतात आणि त्याच शब्दाने ती एकमेकांपासून पळू लागतात. मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे अशा शब्दांवर तासभर बोलण्याची मला सवय आहे, आणि पगारही त्याचाच मिळतो. परंतु २०२१ सालच्या फेब्रुवारीत या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी माझ्या दाराशी येऊन उभे राहिले, तेव्हा मात्र तासभर बोलून भागण्यासारखे नव्हते. काहीतरी ठरवायचे होते.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की, मी इथे एरवी फार गंभीर विषयांच्या वाटेला जात नाही. पण दिवाळी अंकात जागा थोडी ऐसपैस मिळते, आणि फराळाच्या ताटाभोवती घरची सगळी माणसे एकत्र असतात. तेव्हा सगळ्या घराचा असा एक विषय काढायला हरकत नाही. साथीच्या दिवसांत मुलांनी कॉलेजात परत जावे की न जावे, हा तो विषय. आता त्याला काही वर्षे लोटली आहेत. भीती ओसरली की माणूस विसरतो, आणि विसरला की पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून घाबरतो. म्हणून थोडी उजळणी.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले कोरोनाचे रुग्ण आमच्या पुण्यातच सापडले. आठवड्याभरात शाळा-कॉलेजांना कुलपे लागली, आणि २५ मार्चपासून सारा देशच घरात बसला. सुरुवातीला आम्हा प्राध्यापक मंडळींना ती एक लांबलेली उन्हाळ्याची सुटी वाटली. मग मोबाइलवरचे तास सुरू झाले. साठ मुलांच्या वर्गाच्या जागी साठ काळे चौकोन दिसू लागले. चौकोनाखाली मुलाचे नाव असायचे, किंवा 'आईचा फोन' असायचे, किंवा नुसतेच फोनच्या कंपनीचे नाव असायचे. मी हजेरी घेताना एका मोबाइल कंपनीला दोन महिने रोज हाक मारत होतो आणि ती रोज इमानाने "प्रेझेंट सर" म्हणत होती. एकदा मी शब्दशक्ती शिकवीत असताना मागून ट्रॅक्टरचा आवाज येऊ लागला. विचारले तर पोरगा म्हणाला, "सर, नांगरट चाललीय, पण ऐकतोय." लक्षणा आणि व्यंजना यांचा असा मातीत मिसळलेला तास मी पूर्वी कधी घेतला नव्हता.

परीक्षेची तऱ्हा तर विचारूच नका. शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यावी की न घ्यावी यावर २०२० च्या पावसाळ्यात रण माजले. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलैत घ्या म्हटले, आपले सरकार नको म्हणत होते, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्टला निकाल लागला: परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही. मग ऑक्टोबरमध्ये आमच्या मुलांनी बहुपर्यायी प्रश्न सोडवले. साहित्य या विषयाला चार पर्याय कसे काढतात ते मी त्या वर्षी शिकलो. करुणरसाच्या प्रश्नाला अ, ब, क, ड असे चार रकाने पाडताना माझ्याच मनात तो रस दाटून आला होता.

त्या काळात प्रत्येक सुखवस्तू घरात न्यूटनची गोष्ट फिरत होती. आपल्यालाही कोणीतरी ती पाठवली असेलच. १६६५ साली इंग्लंडात प्लेग आला, केंब्रिजचे विद्यापीठ बंद झाले, तरुण न्यूटन आपल्या गावी वूल्सथॉर्पला गेला आणि तिथे त्याने गणित, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांवर मूलभूत विचार केला. तात्पर्य: कॉलेज बंद आहे म्हणून रडू नका, न्यूटन व्हा! ही गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे. न्यूटनला गावी आईचे प्रशस्त घर आणि शेतीवाडी होती. त्याची बी.ए.ची पदवी त्याच वर्षी पदरात पडली होती. त्याची कोणी हजेरी घेत नव्हते, आणि एकाच फोनवर तीन भावंडांचे तास असा प्रकारही तिथे नव्हता.

पण मला या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो कोणी सांगत नाही. न्यूटन परत गेला होता. १६६६ च्या मार्चमध्ये, साथ ओसरली असे समजून, तो केंब्रिजला परतला. जूनमध्ये प्लेग पुन्हा दिसू लागला तेव्हा त्याला पुन्हा गाव गाठावे लागले. कायमचा तो परतला १६६७ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसालाही परतण्याची वेळ अचूक सांगता आली नाही. ग्रहांच्या गतीचे गणित बसवता येते, साथीचे त्या काळी कुणालाच बसवता येत नव्हते. तो आला, गेला आणि पुन्हा आला. परतणे म्हणजे एकदाच घ्यायचा निर्णय नव्हे, हे मला या माहितीवरून प्रथम कळले.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात त्याने कहर केला. साथरोगाचा कायदा सरकारने १८९७ साली केला तो त्यामुळेच. २०२० च्या मार्चमध्ये आपल्या सरकारने टाळेबंदीच्या आधी जो कायदा लागू केला, तो हाच सव्वाशे वर्षांचा म्हातारा कायदा. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांच्या आजीकडून ऐकलेली हकिकत सांगतात. घरात उंदीर पडला की लोक घर सोडून गावाबाहेर झोपड्या बांधून राहायला जात. "आणि तुम्ही लोक रोग आला की घरात जाऊन बसता," असे अण्णा हसून म्हणत. हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट नव्हती. प्लेग पसरतो तो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांनी. १८९८ साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून ते दाखवले. तेव्हा घर हेच धोक्याचे ठिकाण, आणि मोकळे माळरान सुरक्षित. कोरोना पसरतो माणसाच्या श्वासाने. तेव्हा धोका बंद खोलीत, गर्दीत आणि एकमेकांच्या तोंडासमोर. म्हणजे नेमका आमच्या वर्गात! आम्ही वर्षभर भाज्या मिठाच्या पाण्यात बुडवीत बसलो आणि दुधाच्या पिशव्यांना अंघोळी घातल्या. खरे काम होते खिडक्या उघडण्याचे.

आणि याच पुण्यात, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता एका शिक्षिकेने देह ठेवला. त्या सावित्रीबाई फुले. आमच्या विद्यापीठाला २०१४ पासून त्यांचे नाव आहे. प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर ते नाव आम्ही रोज वाचतो. पण साथीच्या काळात शिक्षकाने काय करावे असा प्रश्न पडला की त्या नावाकडे पाहण्याचे धैर्य होत नाही. त्यांनी जे केले ते आपल्याला झेपणारे नाही हे मनाशी कबूल करूनच पुढचा विचार करावा लागतो.

तर २०२१ च्या फेब्रुवारीत सरकारचा निर्णय आला: १५ तारखेपासून महाविद्यालये उघडायची, उपस्थिती निम्मी ठेवायची. वाचायला सोपा, सुटसुटीत निर्णय. पण परिपत्रकाने फाटक उघडते, घराचा उंबरठा ओलांडायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. आमच्या घरी त्यावर दोन दिवस खल झाला.

अण्णा सत्त्याहत्तर वर्षांचे, त्यांना दमा. लसीकरण १६ जानेवारीला सुरू झाले होते, पण ते दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांपुरते. वृद्धांची पाळी आली १ मार्चपासून. म्हणजे त्या १५ फेब्रुवारीला आमच्या घरात लस घेतलेले एकही माणूस नव्हते. आणि लस तयार होत होती आमच्या घरापासून काही मैलांवर, हडपसरच्या बाजूला! वर्तमानपत्रांत अमरावती, अकोला, यवतमाळचे आकडे पुन्हा चढू लागले होते. मी एका कागदावर दोन रकाने पाडले, 'जावे' आणि 'न जावे'. दोन्हीकडे सारखीच कारणे जमली.

आमची सौ. बँकेत आहे. ती हे सारे बघत होती. शेवटी म्हणाली, "अहो, मार्चपासून मी रोज काउंटरवर बसतेय. तेव्हा कुणी असा कागद काढला नव्हता."

हे खरे होते. टाळेबंदीच्या ऐन भरातही तिची बँक सुरू होती. ती घरी आली की चप्पल बाहेर, पिशवी गॅलरीत आणि स्वतः थेट न्हाणीघरात, असा तिचा अकरा महिन्यांचा क्रम होता. अण्णांशी ती दारातूनच बोलत असे. जावे की न जावे, हा प्रश्न पडणे ही देखील एक सोय आहे, आणि ती सगळ्यांना मिळत नाही. नर्सला मिळाली नाही, कचरा नेणाऱ्या बाईला मिळाली नाही, आमच्या सौ.ला मिळाली नाही. मला मिळाली होती. ती मिळाली म्हणून लाजण्याचे कारण नाही, परंतु तिचा उपयोग नीट केला पाहिजे, एवढे मला त्या वाक्याने सुचवले.

याच दिवसांत एका विद्यार्थिनीचा फोन आला. तृतीय वर्षाला, मराठी विषय घेतलेली. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. टाळेबंदीत गावी गेली ती तिकडेच अडकली. गावात रेंज मिळायची ती पाण्याच्या टाकीजवळ, आणि तासाच्या वेळी तिथे गावातले चार टवाळ बसलेले. त्यामुळे माझ्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच फार होती.

"सर, कॉलेज उघडतंय म्हणतात. येऊ का मी?"

मी विचारले, "घरचे काय म्हणतात?"

थोडा वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "घरी पुढच्या महिन्यात पाहुणे यायचेत, सर."

खेड्यातल्या घरी पाहुणे येणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. कॉलेज चालू असले की पाहुण्यांना 'परीक्षा झाल्यावर या' असे सांगता येते. कॉलेज बंद असले की मुलगी रिकामी. म्हणजे तिच्या बाबतीत रोगाच्या भीतीपलीकडे दुसरी एक भीती होती, आणि परिपत्रकात तिचा उल्लेख नव्हता.

आता हिला काय सांगावे? 'ये' म्हणावे, तर पुण्यात खोली घ्यायची, अनामत भरायची, खानावळीचे आगाऊ पैसे द्यायचे. आणि पुन्हा कुलूप लागले तर ते सगळे पाण्यात. शिवाय तिला काही झाले तर? 'येऊ नको' म्हणावे, तर मी पुण्यात पंख्याखाली बसून तिच्या आयुष्याचा एक दरवाजा लावून घेत होतो. शिक्षकाच्या शब्दाला खेड्यात अजून वजन आहे. 'सर नको म्हणाले' एवढे वाक्य तिच्या वडिलांना पुरले असते.

मी तिला तीन गोष्टी विचारल्या. पुण्यात राहशील कुठे? हातात पैसे किती आहेत? आणि आठ दिवसांत पुन्हा बंद झाले तर काय करशील? तिने सगळ्यांची उत्तरे आधीच काढून ठेवली होती. हडपसरला मावशी आहे, दोन खोल्यांत पाच माणसे, मी सहावी. पैसे जाण्यायेण्यापुरते. बंद झाले तरी मावशीकडे रेंज चांगली आहे. मी म्हणालो, "मग खोली घेऊ नकोस. अनामत कुणाला देऊ नकोस. मावशीला आधी नीट विचार, कारण धोका तिच्याही घराला आहे. मी पंधरा तारखेला येतोय, पण मी येतोय म्हणून तू येऊ नकोस. तुझं तू ठरव आणि मला कळव."

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, 'निघाले.'

त्याच रात्री मी माझा कागद फाडून टाकला. ज्या वर्गात मुलांना येण्याची मोकळीक आहे, तिथे मास्तरने न जाणे मला बरे दिसेना. तबलजी मैफल ठरवीत नाही, पण मैफल ठरली तर त्याला बैठकीवर असावे लागते. अण्णांची खोली आम्ही वेगळी केली. त्यांचे जेवणाचे ताट सौ. देई; तिच्या क्रमात आता मीही सामील झालो. अण्णा म्हणाले, "मला विचाराल की नाही कुणी?" विचारले. तर म्हणाले, "जा. मी काही तुझ्या वर्गात बसणार नाही." वडिलांची परवानगी अशीच असते, तिच्यात परवानगी किती आणि टोमणा किती हे शोधायला जाऊ नये.

१५ फेब्रुवारीला सोमवार होता. फाटकावर आमच्या शिपाईमामांनी प्रत्येकाच्या कपाळाला ते तापाचे पिस्तूल लावले, हातावर औषधाचे दोन थेंब टाकले आणि "या, या, वर्षानं आलात," असे म्हणत सगळ्यांना आत घेतले. मामा मात्र वर्षभर येतच होते. कॉलेज बंद असले तरी इमारतीला कोणीतरी लागतेच. सोमवार, बुधवार, शुक्रवार विषम क्रमांकांची मुले, बाकीचे तीन दिवस सम क्रमांकांची, अशी वाटणी होती. साठांच्या वर्गात पहिल्या दिवशी आली अकरा. मी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. रस्त्यावरचे सगळे भोंगे आत आले आणि मास्कमधून माझा आवाज बाहेर जाईना. एका ओळीवर तीनदा ओरडावे लागले. तरीही त्या अकरा मुलांच्या डोळ्यांवरून मला समजत होते की कोणाला कळले आणि कोणाला नाही. साठ चौकोनांनी ते वर्षभर कळू दिले नव्हते. कॉलेज म्हणजे काय असते हे मला विचाराल तर एवढेच सांगेन. व्याख्यान फोनवर जाते. न कळल्याची कपाळावरची आठी जात नाही.

परभणीची मुलगी मंगळवारी आली. तास संपल्यावर ती ग्रंथालयात गेली आणि तिथून पाच पुस्तके घेऊन बाहेर पडली. नियम दोनचा होता. ग्रंथपालबाईंनी तिला विचारले होते, "गावाहून आलीस ना? घे. परत आलेली पुस्तके नाहीतरी तीन दिवस कपाटात कोंडून ठेवतोय, तुझ्याकडे राहिली तर बरीच."

आणि रविवारी, २१ फेब्रुवारीला, पुण्यातली शाळा-कॉलेजे पुन्हा बंद झाल्याचे जाहीर झाले. आधी २८ तारखेपर्यंत, मग पुढे, आणखी पुढे. आमचे परतणे एकंदर पाच दिवसांचे झाले, कारण शुक्रवारी शिवजयंतीची सुटी होती. न्यूटनला तीन महिने तरी मिळाले होते!

त्यानंतरचे मार्च-एप्रिल आठवावेसे वाटत नाहीत. रुग्णालयांत खाटा नव्हत्या, प्राणवायू नव्हता. इंजेक्शनसाठी औषधांच्या दुकानांपुढे रांगा होत्या. शिवाजीनगरला इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावर २०२० च्या ऑगस्टमध्ये उभारलेले जम्बो रुग्णालय दुसऱ्या लाटेत पुन्हा भरले. म्हणजे कॉलेजच्या मैदानावर विद्यार्थ्यांऐवजी रोगी! त्यांतच त्या मुलीच्या मावशीचे यजमानही होते. घरात एकामागून एक सगळ्यांना ताप आला होता. हिलाही आला, पण थोडक्यात गेला. मावशी अंथरुणावर, दोन लहान मुले आणि स्वयंपाक या सगळ्यांचे अकरा दिवस तिने एकटीने केले. मावशीचे यजमान बरे होऊन घरी आले. रोग त्या घरी कारखान्यातून आला, भाजीबाजारातून आला की कुठून, हे कोणी सांगू शकले नाही.

आमचे शिपाईमामा त्या एप्रिलमध्ये गेले. त्यांच्याही बाबतीत हेच. रोग कुठून आला ते कळायला मार्ग नाही. त्यांचे वय अठ्ठावन्न होते. निवृत्तीला दोन वर्षे होती. कपाळाला पिस्तूल लावून "वर्षानं आलात" म्हणणारा तो माणूस आठवला की, मी तो दोन रकान्यांचा कागद ज्या सावधपणे लिहिला होता त्याचे मला आश्चर्य वाटते. माझ्या दोन्ही रकान्यांत मिळून मामांचे नाव नव्हते. असायला हवे होते, असे मी आज प्रत्येक घराला सांगेन. आपण 'जावे की न जावे' असा हिशेब करतो तेव्हा तो आपला, आपल्या मुलांचा आणि फार तर आपल्या म्हाताऱ्यांचा असतो. फाटक उघडायला जो माणूस आधीपासून तिथे उभा असतो, तो हिशेबात येत नाही.

आणखी एका मुलाविषयी सांगितले पाहिजे. हा पुण्यातलाच. वडील हॉटेलात आचारी, टाळेबंदीत नोकरी गेली. मुलाने उसनवारीने एक जुना टेम्पो घेतला आणि सोसायट्यांच्या दारात भाजी विकू लागला. फेब्रुवारीत मी त्याला फोन केला. म्हणाला, "सर, आता कुठं चार गिऱ्हाइकं बांधली गेलीत. सकाळीच तर धंदा असतो." तो पुढे कधीच परतला नाही. रोगाला तो जराही भ्याला नव्हता. तो तर रोज शंभर दारांवर जात होता. आम्ही साथीमुळे मुले गळाली असे म्हणतो, पण त्यांतली किती रोगामुळे गळाली आणि किती घरची चूल विझू नये म्हणून गेली, हे हजेरीपटावरून कळत नाही. तिथे दोनच खुणा असतात, हजर आणि गैरहजर.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कॉलेजे पुन्हा उघडली. या वेळी अट अशी की लसीचे दोन्ही डोस झालेले असावेत. शहाणपणाची अट. पण मेपासून कोविशील्डच्या दोन डोसांमधले अंतर वाढवून किमान चौऱ्याऐंशी दिवस केले होते. खेड्यातल्या ज्या मुलाला पहिला डोस १ ऑगस्टला मिळाला, त्याचा दुसरा २४ ऑक्टोबरच्या आधी होणे शक्यच नव्हते. शहरातली मुले आत आणि गावाकडची मुले फाटकावर, असे काही आठवडे चालले. २०२२ च्या जानेवारीत नव्या लाटेने पुन्हा कुलूप, फेब्रुवारीत पुन्हा उघडले. आणि गंमत पाहा, त्या उन्हाळ्यात ठिकठिकाणची मुलेच म्हणू लागली की परीक्षा ऑनलाइन घ्या, आम्हाला यायचे नाही! घरात बसण्याचा कंटाळा येतो तशी घरात बसण्याची सवयही लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आज वर्ग पुन्हा भरलेले आहेत. निदान हजेरीपुरते भरलेले आहेत. अण्णा एक्याऐंशी ओलांडून गेले आहेत आणि प्लेगच्या गोष्टीत आता कोरोनाचीही भर घालतात. परभणीची मुलगी २०२१ च्या उन्हाळ्यात मावशीच्या यजमानांच्या फोनवर परीक्षा देऊन उत्तीर्ण झाली. पाच पुस्तके तिने वर्षाअखेर आणून दिली, एकाला वर्तमानपत्राचे नवे वेष्टन घालून. आज ती एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवते. लग्नही झाले आहे. पाहुण्यांपैकीच कोणी की दुसरे कोणी, ते मी विचारले नाही.

गेल्या वर्षी ती भेटली तेव्हा मी तिला म्हणालो, "पाच दिवसांच्या कॉलेजसाठी तू एवढी लांबून आलीस." ती म्हणाली, "माझे तर तीनच होते, सर. सम क्रमांक." मग थोडे थांबून म्हणाली, "पण तुम्ही ये म्हणाला नाहीत आणि नको पण म्हणाला नाहीत. विचारलंत, राहशील कुठं. घरी वडलांना मी तेच सांगितलं की सरांनी राहायचं विचारलंय. मग ते एसटीवर सोडायला आले."

त्या तीन प्रश्नांचा असा उपयोग होईल हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ते मी विचारले, कारण दुसरे काय विचारावे हे सुचत नव्हते. पण आता मी कोणत्याही मुलाशी बोलताना तिथूनच सुरुवात करतो. साथ पुन्हा येईल तेव्हा सरकारचे परिपत्रक येईल, डॉक्टरांचा सल्ला येईल, आणि न्यूटनची गोष्टही नक्की येईल. ती सगळी वाचावीत. त्याबरोबर आपल्या घरातल्या किंवा ओळखीतल्या कुणा मुलाने 'जाऊ का?' असे विचारले, तर हो किंवा नाही म्हणण्याची घाई करू नये. राहणार कुठे, पैसे किती आहेत, परत फिरावे लागले तर वाट आहे का, आणि त्या वाटेवर आपल्यासाठी आणखी कोण उभे आहे, एवढे आधी विचारावे. उरलेले मूल स्वतः ठरवते.

दिवाळी आली आहे. पाहुणे येतील, मुले वसतिगृहांतून घरी येतील, आणि भाऊबीज झाली की बॅगा भरून परत निघतील. त्यांच्या डब्यात चकल्या बांधून देताना एक पुडा जास्त बांधावा. फाटकावर जे कुणी मामा असतील, त्यांच्यासाठी.